दुधनेचा उतार

सेलू, ता. ९ जुलै १९४०

ती. ईश्वरअप्पा अण्णांस,

धाकट्या बसप्पाचे लिहिणे. अकरा वर्षांत हे माझे पहिलेच पत्र. मायन्यात काय लिहावे याचा विचार करता करता टाकाची शाई दोनदा वाळली. तेव्हा मायना सोडून सरळ विषयाला येतो.

शेजारच्या कापसाच्या जिनाचे मालक आबासाहेब काल दुकानी आले होते. आपल्या सामाईक वखारीच्या विक्रीस आपण सोलापुराहून दिलेली संमती त्यांनी मला दाखविली. आपल्या सहीखाली माझ्या सहीपुरती जागा कोरी आहे. दसऱ्याला नवा कापूस येऊ लागेल, त्यापूर्वी वखार ताब्यात मिळावी असे त्यांचे म्हणणे. वखार जितकी माझी तितकीच आपली. त्याबद्दल माझा वाद नाही. मी फक्त दसऱ्यापर्यंतची मुदत मागून घेतली आहे. मुदत कशासाठी, हे विचारण्याचा आपणांस अधिकार आहे. उत्तर असे की वखारीची जमीन सध्या वापरात आहे. वापरात कसलाही व्यापार नाही व जमिनीस अपायही होत नाही. एवढे पुरे व्हावे.

येथे पत्र बंद करणार होतो. परंतु आज वखारीत जे घडले ते सांगण्याजोगे दुसरे माणूस मला सेलूत नाही.

आबासाहेबांच्या जिनात सरकी चाळणारी कडूबाई नावाची बाई आहे. वय चाळिशीच्या पुढचे. आज तिने आयुष्यात प्रथम एक शब्द वाचला. शब्द होता ‘दुधना’. बोट अक्षराअक्षरावर ठेवीत ती शेवटच्या कान्यापर्यंत पोहोचली, थांबली, आणि अशी ओरडली की बाहेरचे बैल उठून उभे राहिले. “अगं बया! ही तर आपली नदी! आन् इत्तीच?” ज्या पाण्यात तिने जन्मभर लुगडी धुतली ते तीन अक्षरांत मावते, याचा तिला रागच आला होता. मग तिने ते पुन्हा वाचले. मग पुन्हा. मला घरी यायला उशीर झाला, सौ. गौराबाईने विचारले, “कुठं होतात?” मी म्हणालो, “नदीवर.”

भागम्मा वहिनींस नमस्कार सांगावा.

बसप्पा


सेलू, ता. २८ जुलै १९४०

अण्णा,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. तरी मागल्या पत्रात अर्धवट सांगितले ते पूर्ण करणे माझ्या स्वभावास धरून आहे.

वखारीत मी प्रौढ माणसांचा वर्ग चालवितो. जिनातल्या बाया, चार गाडीवान, दोन हमाल. दिवस मावळण्यापूर्वी भरतो व दिवेलागणीस सुटतो. तहसीलीचा रीतसर परवाना आहे. मात्र त्यात स्पष्ट लिहिले आहे की वर्ग बसप्पाच्या वखारीतच भरावा, अन्यत्र भरू नये. या वाक्यासाठी मला दोन महिने खेटे घालावे लागले. दुसऱ्या जागेसाठी दुसरे वाक्य मिळणार नाही, असे तहसीलीतल्या पेशकारांनी मला हसत हसत सांगितले. म्हणजे वखार गेली की वर्ग गेला. आपणांपासून हे लपविण्यात अर्थ नाही.

सुरुवात मी पुण्याहून मागविलेल्या अंकलिपीने केली. पहिल्या पानावर अननस. मुंजाजीने (वडिलांच्या, आप्पांच्या, गाडीवर होता त्या सटवाजीचा मुलगा, आता त्याचीही मिशी पिकली) ते चित्र उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाला, “मालक, जे कवा खाल्लं न्हाई ते लिव्हायचं कशाला?” दुसऱ्या दिवशी माणसे निम्मी झाली.

तेव्हा मी अंकलिपी बाजूस ठेवली आणि वखारीच्या सारवलेल्या जमिनीवर सेलू गाव काढले. भिंती व घरे सरकीच्या ओळींनी, रस्ते राखेने, आगगाडीचे रूळ विटेच्या भुकटीने, नदी धुण्याच्या निळीने. प्रत्येक ठिकाणी कौलाचा तुकडा, त्यावर चुन्याने नाव. पहिल्या दिवशी प्रत्येकाने स्वतःचे घर शोधायचे व तेथून बाजारापर्यंत बोटाने जायचे; वाटेत जे कौल लागेल ते वाचायचे. अण्णा, ज्यांना ‘अ’ ओळखता येत नव्हता ती माणसे आठ दिवसांत ‘मारवाडी गल्ली’ वाचू लागली! कारण तेथे काय लिहिलेले असणार, हे त्यांना आधीच ठाऊक होते. फक्त अक्षरांनी होकार द्यायचा होता.

परंतु पुढे अडले. दुसरा धडा जिल्ह्याचा. सोमवारी सारवण असते, म्हणून मी सांगितले, गाव झाडून टाका, जमीन सारवा, उद्या परभणी जिल्हा काढू. कोणी हलेना. केरसुणी कडूबाईच्या हातात होती.

“गाव झाडून टाकू व्हय मालक? मरीआईसकट?”

मी शांतपणे समजाविले की ही सरकी आहे, गाव नव्हे.

त्यावर धुरपदाबाई बोलली. ही हमालाची विधवा. जिभेला धार आहे. “सरकी हाय तर मग गाव म्हून का वाचायला लावलंत आमाला? तवा आमी खोटं वाचलं का?”

मी बी. कॉम. झालेला माणूस; केरसुणी कडूबाईकडून घेतली आणि कोपऱ्यात ठेवली. गाव तसेच राहिले. त्याच्या सभोवती आता जिल्हा वाढतो आहे: गाव मोठ्या मापाचे आणि त्याबाहेर एका कोसाला एक हात. एकाच नकाशात दोन मापे! मी मुंबईहून पदवी घेऊन आलो तेव्हा आपण म्हणाला होता, “बश्या, तुला आता चूक दिसली की ताप येतोय.” आला होता. दोन दिवसांनी उतरला.

परवा ठाण्याचे अमीनसाहेब तपासणीस आले. नकाशा पाहून त्यांचा चेहरा बदलला. मला वाटले, संपले. ते वाकून बराच वेळ पाहत राहिले. मग छडीने एक कौल दाखवून म्हणाले, “ये हमारा ठाणा? बस इत्तासा?” आम्ही ठाणे दीड वितीचे केले. वर्ग सुरू आहे.

बसप्पा


सेलू, ता. २१ ऑगस्ट १९४०

अण्णा,

वखार पुरेना! पूर्वेकडे रूळ वाढवीत गेलो: मानवत रोड आले, परभणी बरोबर उंबऱ्यावर आली, आणि पिंगळी उंबऱ्याबाहेर अंगणात पडली. पिंगळी धुरपदाबाईचे माहेर. पाऊस भुरभुरला की ती धडा टाकून बाहेर धावते आणि पिंगळीवर घमेले पालथे घालते. “समद्यांची गावं छपराखाली, माजंच माहेर तेवढं भिजायला!” मी तिला सांगितले, मोजमाप म्हणजे मोजमाप, पिंगळी आत आणता येणार नाही. ती म्हणाली, “मग वखार लांबवा.”

आता सगळे जण अनवाणी पायाने रुळांच्या कडेने चालतात. स्टेशन आले की थांबायचे, कौल उचलायचे, वाचायचे, ठेवायचे. तिकीट न काढता परभणीला जाऊन येतात. मुंजाजी तर गाडीसारखी शिट्टीही मारतो. आपण पाहावे असे दृश्य आहे. मी अतिशयोक्ती करीत नाही. मला ती येत नाही.

उत्तरेचा मात्र पेच पडला आहे. मी वर्गाला विचारले, रूळ नव्हते तेव्हा आपला कापूस कोठे जाई? आणि मग जो गलका उठला! ज्यांनी महिनाभर तोंड उघडले नव्हते ते उठून बोलू लागले. कापूस खामगावच्या पेठेला जाई. दुधना ओलांडून, चारठाण्यावरून. चारठाण्याला देवळापुढच्या दगडी खांबाशी बैल सुटत. आप्पांच्या गाड्या सर्वांत पुढे असत. एकेक गाव नकाशावर बसले, आणि कोणी सांगितलेला इतिहास दुसऱ्याने खोडून काढला की मी तो दोघांकडूनही लिहवून घेतला. आजवर शब्द लिहिणारी माणसे भांडणापायी वाक्ये लिहू लागली आहेत!

पण गाड्या दुधना कोठून ओलांडीत, हे कोणास निश्चित सांगता येईना. मुंजाजी मला काठाने घेऊन गेला. तीन जागा दाखविल्या. तिन्हींवर बाभळी माजल्या आहेत. रूळ आले तेव्हा मी परभणीच्या शाळेत होतो. गाड्यांबरोबर कधी गेलो नाही. आपण गेला होता. सध्या आमचा रस्ता अलीकडून येऊन काठाशी थांबतो, पलीकडच्या काठावरून पुन्हा निघतो. मध्ये निळीची रेघ.

म्हणून आम्ही सर्वानुमते ठरविले आहे की आप्पांच्या गाड्या म्हसोबाच्या डोहातून पार होत असत. येत्या सोमवारी तेथे ‘उतार’ असे कौल ठेवू. हे केवळ आपल्या माहितीसाठी कळवितो; उत्तराची तसदी घेऊ नये.

बसप्पा


सेलू, ता. ६ सप्टेंबर १९४०

अण्णा!

आपले कार्ड पोहोचले. मोडीतली एकच ओळ: “डोहात बैल घालायला आपला बाप खुळा नव्हता.” खाली सहीसुद्धा नाही. पण ते अक्षर! दुकानात उभ्याउभ्या वाचले आणि टोपी न घालता वखारीकडे निघालो. रस्त्यात आबासाहेब म्हणाले, “काय हो बसप्पा, कुणाचं लग्न ठरलं?”

वर्गात मोठ्याने वाचून दाखविले. मुंजाजीने मांडीवर थाप मारली: “ईश्वरअप्पा मालकच! दुसरं कुणी असं लिव्हतच न्हाई!” कडूबाईने कार्ड हातात घेऊन मोडी पाहिली आणि विचारले, “ह्येंना अक्षरं सुटी लिव्हायला येत न्हाईत का? आमी शिकवू.” धुरपदाबाईने तोंडाला पदर लावला होता. ती का हसत होती हे मी येथे लिहीत नाही.

डोहातून नव्हे, हे मान्य. कौल ठेवलेले नाही. परंतु ‘येथून नव्हे’ म्हणजे ठिकाण नव्हे. म्हसोबाच्या वर की खाली? किती वर? काठावर खूण कसली? रेती की खडक? बैल कोणत्या अंगाने उतरत? ऐकीव माहितीवर रेघ ओढणे मला जमत नाही, हे आपण जाणता.

आणि आता आपण दोघांनी जो विषय टाळला, तो. आप्पा गेले तेव्हा त्यांना उताराशी, गाडीवाटेच्या कडेला समाधीत बसवावे, असे आपले म्हणणे होते. मी गावालगतच्या समाजाच्या स्मशानभूमीचा आग्रह धरला, आणि तेथेच त्यांची समाधी झाली. त्या दिवसापासून आपण माझ्या घरी जेवला नाहीत, आणि महिन्याभरात सोलापूर गाठलेत. मी आजही म्हणेन की नदीकाठची जमीन पुराने कापली जाते. मत बदललेले नाही. पण ज्या जागेविषयी आपण इतके भांडलो ती जागा मला आज जमिनीवर दाखविता येत नाही, आणि वीस-बावीस माणसे रोज संध्याकाळी मला तेच विचारतात.

आबासाहेबांनी नवे यंत्र मागविले आहे. दसऱ्याला कागद घेऊन येतो म्हणाले. मी दिलेला शब्द मोडणार नाही: आपली सही कायम असेल, तर खाली मी सही करीन. वर्गाला तसे सांगितले आहे.  दुसऱ्या दिवसापासून सगळे लवकर येऊ लागले.

बसप्पा


सेलू, ता. १२ ऑक्टोबर १९४०

अण्णा,

तुम्ही येऊन गेलात त्याला आठवडा होईल. जे तुमच्यासमोर घडले ते पुन्हा का लिहू, असे तुम्ही म्हणाल. कारण तुम्ही नकाशाकडे पाहत होतात. मी तुमच्याकडे पाहत होतो. दोन्ही बाजूंची नोंद असावी.

मला वाटले होते की आलात तर आधी दुकानी याल. तुम्ही स्टेशनवरून मुंजाजीची गाडी केलीत, थेट नदी गाठलीत, आणि वर्ग भरला असताना वखारीच्या दारात उभे राहिलात: गुडघ्यापर्यंत ओले धोतर, पायतणाला चिखल, मुठीत काहीतरी धरलेले. मी तुम्हांला ओळखण्याआधी कडूबाई दारात आडवी झाली.

“पायतण भाईर काढा. आत गाव हाय.”

“मी ह्या वखारीचा मालक हाय.”

“असा की. मालकाच्या पायतणाला का अत्तर लागतंय? चिखलच लागलाय.”

अण्णा, गेल्या पन्नास वर्षांत तुमच्याशी असे कोणी बोललेले मला ठाऊक नाही. तुम्ही पायतण काढलेत. मग बाजारपेठेतून जाताना तुमचा पाय मारुतीवर पडणार, तोच तिघी-चौघी एकदम किंचाळल्या, आणि तुम्ही, साठी ओलांडलेला माणूस, एका पायावर डोलत उभे राहिलात. तेव्हा तुम्ही हसलात. ते तुम्हांला कळले नसेल.

निळीच्या काठाशी बसून तुम्ही मूठ उघडलीत. नदीतला काळा गोटा. म्हसोबाच्या डोहापासून वर अडीच वीत मोजून तो ठेवलात आणि म्हणालात, “हितं. खाली सलग खडक हाय. बैलाचा खूर वाजतोय पाण्यात.” मुंजाजीने राखेची मूठ घेतली आणि अलीकडचा रस्ता पलीकडच्या रस्त्याला जोडला. कोणी टाळ्या वाजविल्या नाहीत. सगळे जण वाकून पाहत होते. गाडी आता निघेल, तशी.

मग तुमची नजर गावालगतच्या कौलावर गेली. त्यावर आप्पांचे नाव: चन्नबसप्पा. तुम्ही ते उचललेत.  तुम्ही माझ्याकडे पाहिले नाही. कौल घेऊन उताराकडे वळलात. पुन्हा कडूबाईच.

“अवं मालक, समाधी उचलू नये. ठिवा माघारी.”

“आमच्या बापाची जागा ही न्हाई.”

“मग दुसरी कंची?”

तुम्ही गोट्याकडे बोट केलेत. तिने एकदा गोटा पाहिला, एकदा कौल पाहिले. “त्यात काय येवढं? दुसरं कौल लिव्हते. माणूस का एकाच जागी असतोय व्हय? माजी माय घरातबी हाय आन् शेतातबी हाय.” ती बसली. लिहिताना कौल स्थिर राहीना, तर तुमच्याकडे न पाहताच म्हणाली, “धरा की जरा.” तुम्ही धरलेत. तिला त्या नावाला फार वेळ लागला. दोन्ही जोडाक्षरांचे घाट तिने दम खात चढले. तोवर तुम्ही दोन्ही हातांनी आप्पांच्या नावाचे कौल धरून उकिडवे बसला होतात, आणि चुना तुमच्या अंगठ्यावर ओघळत होता. तुम्ही तो पुसला नाही. जेवतानाही तो अंगठ्यावर होता, गौराबाईने पाहिला. तुम्ही घरी जेवलात. त्याविषयी मी लिहीत नाही.

वखारीविषयी तुम्ही एक शब्दही न बोलता सकाळच्या गाडीने गेलात. मीही विचारले नाही. माझा शब्द होता की तुमची सही कायम असेल तर मी करीन. दसऱ्याला संध्याकाळी आबासाहेब सोने द्यायला आले. खिशात कागद. मी टाक, दौत काढून ठेवली होती. वर्ग दाराबाहेर उभा. पुढे मुंजाजी, सणाची नवी टोपी डोक्यावरून काढून हातात धरलेली.

आबासाहेबांनी आपट्याची पाने दिली, मग कागद दिला. मी उघडला. तुमच्या सहीवर आडवी रेघ, शेजारी मोडीत तुमचे अक्षर: ‘रद्द’. “स्टेशनला जाता जाता तुमचे बंधू जिनात उतरले,” ते म्हणाले. “मी विचारलं, काय झालं ईश्वरअप्पा, किंमत कमी पडली का? तर म्हणतात, किमतीचं न्हाई. वखारीत आमचा उतार हाय. उतार विकला तर पलीकडं जायचं कसं?” आबासाहेब हताश होऊन माझ्याकडे पाहत राहिले. “बसप्पा, तुमच्या घरात शहाणं कोण हाय?”

बाहेर जो ओरडा झाला तो ठाण्यापर्यंत गेला. अमीनसाहेबांनी शिपाई पाठविला. त्यालाही सोने दिले.

आता एक खुलासा. म्हसोबाचा डोह मी शाळकरी वयात बांबूने मोजला होता. तळ लागला नव्हता. तेथून गाडी जात नाही, हे मला पक्के ठाऊक होते. ऑगस्टमध्ये मी तुम्हांला रस्ता विचारणारे विनवणीचे पत्र लिहीत बसलो होतो, तेव्हा धुरपदाबाई म्हणाली, “इचारू नका मालक. इचारल्यावर ते गप बसतील. चुकीचं लिव्हा. बापाच्या गाड्या कुणी डोहात घातल्या तर कोण थोरला भाऊ घरी बसंल?” जाणूनबुजून चुकीची माहिती स्वतःच्या हाताने लिहिणे! ती दोन वाक्ये लिहायला मला सबंध संध्याकाळ लागली. रात्री अंग तापले होते.

शेवटची बातमी. वर्गाचा हट्ट की नकाशावर सोलापूर हवे, कारण मालक तेथे असतात. मी मोजले. आपल्या मापाने, नैर्ऋत्येस, सोलापूर वखारीची भिंत ओलांडून आबासाहेबांच्या जिनाच्या आवारात जाते, वजनकाट्याच्या शेजारी. आज सगळे जण कौल घेऊन तिकडे गेले व जमिनीत रोवले. आबासाहेबांनी विचारले, हे काय? कडूबाईने त्यांच्यासमोर बोट ठेवून वाचले: “सो-ला-पू-र.”  ते म्हणाले, “वखार तर मिळाली न्हाईच, वर सोलापूर आमच्या दारात आणून ठिवलं.” पण त्यांनी हमालांना सांगून कौलाभोवती विटा लावून घेतल्या. गाडीचे चाक जाऊ नये म्हणून.

भिंतीपासून कौलापर्यंतची जागा मात्र कोरी आहे. सेलूहून सोलापूरपर्यंत गाडीवाटेने कोणती गावे लागतात, कोठे उतरतात, कोठे मुक्काम पडतो, हे वर्गाला हवे आहे. तूर्त आम्ही सर्वानुमते ठरविले आहे की या वाटेत गोदावरी लागत नाही.

तुमचा बश्या